एकेचाळीसाव्या नोंदीतली धूळ

चि. वगीह, मुक्काम कुवेत. वयानं माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा, पण घराण्याच्या कामी येण्यात सगळ्यांहून थोरला असा माझा एकुलता एक भाऊ, यास इजिप्तमधल्या तांत्याहून बहगतचा सलाम आणि डोळ्यांचे मुके.

तुझी कंबर कशी आहे? खुर्चीतून उठताना धरते म्हणालास. गार खोलीतून एकदम उन्हात जाऊ नकोस आणि झोपताना कमरेला लोकरीचा पट्टा बांधत जा (हे आपली आई सांगायची, मी फक्त पोचवतोय, तेव्हा वाद घालू नकोस). मुलांच्या आईला सलाम. धाकटीचे पुढचे दात आले का? इकडे सगळे खुशाल. आपल्या बहिणीची, करीमानची साखर ताब्यात आहे, म्हणजे ज्या दिवशी ती कपाटामागे उभी राहून पाकातला गोड बसबूसा खात नाही त्या दिवशी असते. माझी प्रकृती उत्तम. वजनमाप खात्यात बाविसावं वर्ष चालू आहे आणि तांत्यातला एकही भाजीवाला अजून मला बघून हसत नाही, यावरून काम चोख चाललंय हे तुझ्या लक्षात येईल.

हे फोनवर का नाही सांगत, असं तू विचारशील. फोनवर करीमान शेजारी बसते आणि माझं वाक्य तुझ्यापर्यंत पोचायच्या आत त्यात दुरुस्त्या करते. म्हणून हे पत्र, आणि तेही टपालानं नाही. आपल्या गल्लीतले हुस्नी मास्तर उद्या तिकडे परत निघालेत, त्यांच्या हाती.

आता तक्रार. ती मी उभं राहून, कोटाची बटणं लावून मांडतोय असं समज. या देशानं माझी बढती घेतली, डोक्यावरचे केस घेतले, दोन दाढा घेतल्या. मी चकार शब्द काढला नाही. परंतु गेल्या बुधवारपर्यंत सलग अकरा दिवस माझी दुपारची झोप घेतली गेली, आणि ती सरकारनं नाही, सख्ख्या भाचीनं. गच्चीच्या दाराजवळचा तो सोफा तुला आठवतो ना? तीन ते पाच तो माझा असतो, हे या इमारतीत दूधवाल्यालाही ठाऊक आहे. त्या सोफ्यावर आपली शहीरा अकरा दिवस मांडी घालून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. अजूनही कुशीवर वळलो की दोन-चार टरफलं टोचतात. एखाद्या राष्ट्राचा भूभाग गेला तर परिषदा भरतात. माझा सोफा गेला तर करीमान म्हणाली, "खुर्चीत डुलकी घे की."

शहीरा इथे का, तर नवऱ्यावर रुसून. आणि रुसली कशावरून, तर तू तिच्या लग्नात दिलेल्या कंप्युटरवरून. घाबरू नकोस, तुझ्यावर कोणी काही बोललेलं नाही (निदान अजून नाही, पण त्याकडे मी मागाहून येतो). झालं असं की लग्नाला आठ महिने झाले, घरी पाहुण्या आल्या आणि शहीरानं मोठ्या हौसेनं लग्नाची सीडी लावायला घेतली. ड्राइव्हनं सीडी आत ओढली आणि तीनदा खर्र, खर्र, खर्र केलं, जसे आपले मुख्याध्यापक भाषणाआधी घसा साफ करायचे. मग भाषणच नाही. पाहुण्या बिनसिनेम्याचा चहा पिऊन गेल्या. तिचा नवरा लुत्फी दुकानातून आला (नळ, शॉवर आणि संडासाच्या भांड्यांचं त्याचं दुकान आहे हे मी कधी मुद्दाम बोलत नाही, इथेही बोलत नाही), त्यानं दोनदा सीडी आतबाहेर केली आणि म्हणाला की ही पहिल्यापासून अशीच असणार, तुमच्याकडून आलेल्या वस्तूंना वरून चकाकी फार. शहीरा म्हणाली की तू फुटपाथवरच्या फुटबॉलच्या सीड्या घालून घालून तिचा घसा बसवलास. तो म्हणाला, इतकी नाजूक असेल तर तुझी एकेचाळीस नंबरची नोंद उचल आणि आईच्या कपाटात नेऊन ठेव.

बाईनं उचलली. चादरीत गुंडाळलेला कंप्युटरचा डबा मांडीवर घेऊन ती टॅक्सीतून उतरली तेव्हा वरच्या मजल्यावरून बघणाऱ्यांना वाटलं की बाळच झालं. मॉनिटर मात्र तिकडेच राहिला. म्हणजे अकरा दिवस या संसाराचं डोकं नवऱ्याच्या घरी होतं आणि पोट माहेरी.

एकेचाळीस नंबरची नोंद म्हणजे काय, हे तू परदेशात राहून विसरला असशील म्हणून सांगतो. मुलीबरोबर जे जे सामान जातं त्याची यादी मीच लिहिली होती, खाली लुत्फीची सही घेतली होती. ही सगळी ठेव आहे, मागाल तेव्हा जशीच्या तशी परत देईन, अशी. बिछान्यापासून लिंबू पिळायच्या यंत्रापर्यंत सत्तर नोंदी. त्यातली एकेचाळीसावी माझ्या हातची उत्कृष्ट रचना समजली जाते: "एक कंप्युटर, सर्व अवयवांसह, चालू स्थितीत, सीडी आढळताच ओळखणारा." लुत्फीच्या मामांनी तेव्हा विचारलं होतं की ओळखणारा हे कशाला, कंप्युटर काय पाहुणे ओळखतो? मी म्हटलं, कागदावर नेमकेपणा असावा. आता तो नेमकेपणा करीमानच्या हातात होता. ती यादी तिनं गादीखालून काढली, उशाशी ठेवली आणि जाहीर केलं की नोंदीत लिहिलंय ओळखणारा, हा ओळखत नाही, म्हणजे ठेवीत अफरातफर झाली. गुरुवारी सकाळी मी यादी घेऊन पोलिस ठाण्यात जाते.

वगीह, गंमत इथे संपते. ठाण्यात ती यादी टेबलावर पडली की लुत्फीला आत बसवायला वेळ लागत नाही, आणि एकदा नवरा बायकोच्या यादीपायी कोठडी बघून आला की त्या दोघांना पुन्हा एका छपराखाली आणणारा सुतार अजून जन्मलेला नाही. करीमानला हे कळत नव्हतं असं नाही. पण ती तोंडातून गुरुवार काढून बसली होती, आणि आपल्या बहिणीनं एकदा वार सांगितला की तो पाळण्यासाठी ती भूकंपातही छत्री घेऊन निघेल. मी एवढंच कबूल करून घेतलं की बुधवारी संध्याकाळी दोन्हीकडची माणसं बसवायची, आणि ड्राइव्ह कोणामुळे बिघडली याचा निवाडा तोवर मी करायचा. बाविसाव्या वर्षात असलेल्या माणसापुढे एक सीडी ड्राइव्ह म्हणजे काय?

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. तराजूवर संशय आला की आधी वजन तपासायचं. डबा मी माझ्या जुन्या कंप्युटरच्या मॉनिटरला जोडला (माझ्या कंप्युटरला सीडीची सोयच नाही, त्यामुळे तो आजवर निष्कलंक आहे). लग्नाची सीडी घेऊन फोटोवाल्याकडे गेलो, तिथे ती पहिल्या फटक्यात लागली. म्हणजे सीडी निर्दोष. मग खात्याच्या नियमावलीची सीडी आपल्या ड्राइव्हमध्ये घातली. खर्र, खर्र, खर्र. पडद्यावर आलं, कृपया सीडी घाला. मी काढून दाखवली आणि परत घातली. कृपया सीडी घाला. सरकारी खिडकीशी माझा जन्माचा संबंध असल्यानं ही रीत मी ताबडतोब ओळखली: कागद त्याच्या हातात असतो आणि तो कागद मागत असतो.

खिडकीवर जे करतात तेच मी दुसऱ्या दिवशी केलं, म्हणजे त्याचं नाव यादीतून काढलं. कंप्युटरच्या पोटात त्याच्या सगळ्या अवयवांची एक यादी असते (तीही यादीच, या यंत्रालाही बहुधा करीमानसारखी सासू असावी), तिथून ड्राइव्हचं नाव पुसायचं आणि कंप्युटर बंद करून पुन्हा सुरू करायचा, मग तो स्वतःच तिला शोधून काढतो, असं एका मासिकात वाचलं होतं. नाव पुसलं. सुरू केला. आधी निदान ड्राइव्हचं चित्र तरी दिसायचं, आता तेही गेलं. मी याला प्रगती म्हणतो, कारण जी वस्तूच नाही ती बिघडली असं कोणाला म्हणता येणार? पण पुन्हा एकदा सुरू केल्यावर ते चित्र परत आलं आणि खर्र खर्रही. दरम्यान सीडीला कोलोनचं पाणी लावून पुसून झालं, नियमावलीच्या सीडीला दातांची पेस्ट चोळून झाली. खात्याची सीडी आता पुदिन्याचा वास मारते. तशीही ती कोणी उघडत नाही.

तिसऱ्या दिवशी डबा उघडला. उघडताच आतून असा सुगंध आला, जणू शुक्रवारी मशिदीच्या दारात उभा आहे. मी करीमानला बोलावून म्हटलं, बघ, अस्सल परदेशी मालाची हीच खूण, आठ महिने झाले तरी नव्याचा वास गेलेला नाही. तिनं दोनदा हुंगलं, वगीहची निवड म्हणाली, आणि समाधानानं गेली. मग मी ड्राइव्हच्या पाठीची ती रुंद, चपटी, राखी वायर काढली, फुंकली आणि परत बसवली. कंप्युटर सुरूच होईना. ड्राइव्हचा दिवा नुसता पेटून राहिला. मी म्हटलं, विचार करतोय, करू दे. अर्धा तास त्याला विचार करू दिला. तेव्हा सोफ्यावरून, बिया फोडणं न थांबवता, शहीरा म्हणाली, "मामा, वायरची लाल कड दुसऱ्या बाजूला होती."

"तुला कसं माहीत?"

"लुत्फीनं एकदा उघडून दाखवलं होतं. मला बघायचं होतं आत काय असतं ते."

एवढं बोलून तिनं तोंड गच्चीकडे फिरवलं. खालून नळांनी भरलेली तीनचाकी चालली होती. लुत्फीच्या दुकानाची नव्हती, तरी ती वळणापर्यंत तिच्याकडे बघत राहिली, आणि त्या वेळात एकही बी फुटली नाही. मी वायर उलटी करून बसवली. कंप्युटर सुरू झाला. ड्राइव्हनं घसा साफ केला आणि गप्प राहिली.

पण तपास थांबतो होय? डब्यातल्या पंख्यावर मला धूळ सापडली. राखाडी, मऊ, पुराव्याच्या दर्जाची. मी ती ब्रशनं कागदावर झाडली, खात्याच्या सोनारी तराजूवर तोलली: चार ग्रॅम. पुडी बांधली, लाख लावली, तारीख घातली. आठ महिन्यांत चार ग्रॅम, म्हणजे महिन्याला अर्धा ग्रॅम धूळ या कंप्युटरनं कोणाच्या घरात खाल्ली? आपल्या नाही. निवाडा तयार झाला.

बुधवारी संध्याकाळी आठ माणसं जमली. तिकडून लुत्फी, त्याची आई उम्म लुत्फी आणि दोन वडीलधारे. लुत्फी दाराजवळच्या स्टुलावर बसला, कंप्युटरच्या बाजूला. दाढी वाढलेली, आणि शहीरा आत आली तेव्हा त्यानं बुटांकडे बघितलं. उम्म लुत्फीबद्दल तुला एकच गोष्ट सांगतो. ती तिसऱ्या मजल्यावर राहते आणि दिवसातून दोनदा जिना धुते, स्वतःचा नाही, तळापर्यंतचा. तिच्या इमारतीतली मांजरंही पाय झटकून आत जातात. हे मला त्या संध्याकाळीही ठाऊक होतं. पण निवाडा तयार होता आणि त्याला लाख लागली होती.

मी उभा राहिलो. सीडी निर्दोष कशी ते सांगितलं, पद्धत सांगितली, बाविसावं वर्ष सांगितलं, आणि शेवटी पुडी टेबलावर ठेवून म्हणालो की ड्राइव्ह धुळीनं मेली आणि धूळ मुलीच्या सासरची आहे, वजन पुडीवर लिहिलंय. उम्म लुत्फीचा चेहरा पांढरा पडला. मग ती उठली, तुझ्यामाझ्या आईच्या जुन्या कपाटापाशी गेली, वरच्या फळीवर, फोटोच्या चौकटीमागे, तर्जनी टोकापासून टोकापर्यंत फिरवली आणि बोट दिव्याखाली धरलं.

"आणि ही कोणाच्या नावावर लिहायची, उस्ताद बहगत? यादीत ओळ शिल्लक असेल तर सांगा."

पुढची वीस मिनिटं लिहून काढायची तर हुस्नी मास्तरांना दुसरी बॅग घ्यावी लागेल. करीमाननं यादी फडकवली. त्यांच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी साखरपुड्याच्या जेवणातल्या बदकाचा विषय काढला, ते म्हणे कच्चं होतं. आपल्याकडच्यांनी पडद्यांचं कापड काढलं. दोन्ही बाजूंनी गुरुवार, गुरुवार असं ऐकू येऊ लागलं. अशा गदारोळात एकच माणूस स्थिर असतो, ज्यानं आपलं काम आधीच करून ठेवलंय. मी स्थिर होतो. आणि बघ काय घडलं: लुत्फीनं लग्नाची सीडी ड्राइव्हमध्ये घातली, खर्र खर्र काही नाही, आणि माझ्या मॉनिटरवर गुलाबाच्या पाकळ्या पडू लागल्या, मागे बँड. सगळे जिथे होते तिथेच थांबले. लुत्फी उभा राहिला आणि सर्वांसमक्ष म्हणाला, "मामांनी वायर नीट बसवली होती. तिला जरा स्थिरावायला वेळ हवा होता. आता चालेल."

हे त्याचे शब्द आहेत, मी एक अक्षर वाढवलेलं नाही.

मग काय, सीडी सुरू झाल्यावर भांडायला वेळ कोणाला? पडद्यावर करीमान आणि उम्म लुत्फी एकमेकींचे हात धरून नाचत होत्या, दोघीही रडत होत्या आणि दोघीही चुकीच्या तालावर. करीमान यादी हातात तशीच धरून बघत राहिली. मग म्हणाली, "तो माझा निळा पोशाख छानच बसला होता." उम्म लुत्फी तिच्याकडे न बघता म्हणाली, "शिंप्याचा पत्ता मागून आठ महिने झाले. अजून देताय." शहीरा आत गेली आणि चहा घेऊन आली, सगळ्यांना साखर विचारली, लुत्फीच्या पेल्यात न विचारता तीन चमचे घालून ढवळली. त्यानं घेतला. रात्रीच्या जेवणाआधी डबा त्याच्या खांद्यावर होता, माऊस तिच्या हातात, आणि दोघं जिना उतरताना ती त्याला म्हणत होती की हळू, धडकवशील. गुरुवार उजाडला आणि मावळला. यादी पुन्हा गादीखाली गेली.

तर भावा, असा हा तुझ्या कंप्युटरचा आणि आपल्या घराच्या अब्रूचा प्रश्न मी धीरानं, पद्धतशीर आणि कोणालाही खर्चात न पाडता सोडवला. इतरांनाही माझ्या पद्धतीचा लाभ व्हावा म्हणून तिकडे कोणाची ड्राइव्ह बिघडली तर कळव. सगळ्यांना आठवणीनं सलाम सांग, कमरेला पट्टा बांध, आणि आमच्याकडून मनात काही किंतु ठेवू नकोस.

तुझा भाऊ,
बहगत

ता. क. वर जे लिहिलं ते अक्षरशः खरं आहे, फक्त ड्राइव्ह मी दुरुस्त केली हा भाग सोडून. करीमान हे पत्र बंद करण्याआधी एकदा चाळणार होती, तिचं चाळून झालं. आता पाकीट माझ्या हातात आहे, म्हणून लिहितो. तो गदारोळ चालू असताना मी कपाटाच्या काचेसमोर उभा होतो आणि काचेत मला दाराजवळचा कोपरा स्पष्ट दिसत होता. लुत्फीनं खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, ड्राइव्ह बाहेर ओढली, नाकाशी नेली आणि शहीराला हळूच विचारलं, "यालाही धुरी देतेस?"

"दर शुक्रवारी," ती म्हणाली. "घरातली सगळी दारं, कपाटं उघडते, तशी याचीही सीडीची बशी बाहेर काढते. आत जायला नको का? आई म्हणाली होती, परदेशी वस्तूला नजर आधी लागते. आणि हल्ली अडखळायला लागला होता म्हणून दोनदा देत होते."

तो हसला नाही, वगीह. मी हसलो असतो. तो म्हणाला, "बरं केलंस." मग करीमानच्या इंजेक्शनच्या डब्यातलं स्पिरिट आणि कापूस घेतला, चार स्क्रू काढले. आत हरभऱ्याच्या डाळीएवढं काचेचं भिंग असतं, ते कडक चहाच्या रंगाचं झालं होतं. शॉवरच्या तोंडातला क्षार काढावा तसं त्यानं ते दोनदा हलका हात फिरवून पुसलं. कापूस तपकिरी झाला. माझ्यासारख्या माणसानं त्याची पुडी बांधून लाख लावली असती. त्यानं तो खिशात टाकला, ड्राइव्ह जागेवर बसवली, आणि पुढे काय बोलला ते तू वर वाचलंच आहेस. आपल्या बायकोची फजिती, सासूची फजिती आणि या मामाची फजिती, तिन्ही त्या एका खिशात गेल्या. नळवाला आहे, पण हे माझ्या खात्यात कोणाला जमणार नाही.

दुसरा ता. क. आता पत्राचं खरं कारण, ज्यासाठी वर तुला थोरला म्हटलं. ती धुरी करीमाननं सांगितली, शहीरानं दिली, पण धूप आणत कोण होतं? दर गुरुवारी अत्ताराच्या दुकानातून, दोन्ही घरांचा, मी. आणि त्यातही जाड, चिकट, दाट धुराचा, कारण त्याचं वजन चोख भरतं. मी हिशोब केला: चौतीस शुक्रवार, शहीराच्या वाटणीचे तीस-तीस ग्रॅम, एकूण एक किलो वीस ग्रॅम. धूळ होती चार ग्रॅम.

एवढ्यावर भागलं असतं. पण करीमाननं माझा निवाडा धरून ठेवलाय. ड्राइव्ह चालली खरी, म्हणते, पण मेली होती ती धुळीनंच, बहगतनं तोलून दाखवलंय. हे तिनं मासळीवालीला सांगितलं, तळमजल्यावर सांगितलं, आणि शुक्रवारच्या नमाजानंतर फोनवर तुला सांगणार आहे. मी आता धूळ नव्हती म्हटलं तर काय होतं ते सांगावं लागेल, आणि धूप म्हटला की करीमान आठ दिवस जेवणार नाही आणि शहीरा सासरी मान वर करणार नाही. गप्प बसलो तर ती धूळ उम्म लुत्फीच्या अंगावरून उठत नाही. आणि आज ना उद्या ही गोष्ट तिच्या कानी गेली की पोरगी बॅग घेऊन परत माझ्या सोफ्यावर. म्हणजे दोष कुठेतरी जायलाच हवा, आणि इजिप्तमध्ये त्याला जागा उरलेली नाही. कुवेतमध्ये जागा भरपूर आहे असं ऐकतो.

तेव्हा शुक्रवारी करीमानचा फोन आला की तिनं धुळीचा ध काढायच्या आत तू म्हण की अगं, ज्याच्याकडून कंप्युटर घेतला तो भेटला होता, म्हणाला त्या खेपेतल्या सगळ्या ड्राइव्ह कच्च्या होत्या, सात-आठ महिन्यांत गळा बसतो, एकदा वायर काढून बसवली की जन्मभर चालतात. मी गरीब, मला काय ठाऊक, असंही म्हण. तुला लोक तिथे काही म्हणणार नाहीत, इथे तू नाहीस. धुरीचं लुत्फीनं बघितलंय. शहीराला म्हणाला की देत जा, फक्त बशी आत ठेवून, नजर बाहेरूनच लागते.

शेवटचा ता. क. हुस्नी मास्तर संध्याकाळी पत्र न्यायला येतील म्हणून हे घाईत. आज ऑफिसातून परस्पर उम्म लुत्फीकडे गेलो. काय बोलायचं याची वाटेत दोन-तीन प्रकारांनी जुळवाजुळव केली, पण इमारतीच्या दारात पोचलो तेव्हा जिना नुकताच धुतलेला होता, तळापासून वरपर्यंत ओला. जुळवलेलं सगळं तिथेच सांडलं. मी खाली वाकून बूट काढले, हातात घेतले आणि चढू लागलो. पहिल्या मजल्यावरच्या बाईनं दार उघडलं आणि बघत राहिली. दुसऱ्या मजल्यावरचा न्हावी मला ओळखतो, मी त्याच्या भावाचा तराजू जप्त केला होता; त्यानं आतून बायकोलाही बोलावलं. मी सावकाश चढलो, म्हणजे सगळ्यांना नीट दिसावं.

तिसऱ्या मजल्यावर उम्म लुत्फी बादली घेऊन उभी होती. तिनं माझ्या हातातल्या बुटांकडे पाहिलं, मग पायांकडे, आणि बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "मोजेपण काढा, उस्ताद बहगत. धूळ मोज्यांनाही असते."

मी मोजेही काढले.